नवरा देवाच्या कामात, घर माझ्या गळ्यात: ख्रिस्ती घरांतले अनुभव हवेत

चौथ्या बाकावरची:

बरीच वर्षं वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

माहेर नगरचं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. आमच्याकडे भक्ती म्हणजे रविवारी इस्त्रीची साडी, उपासना, आणि घरी आल्यावर मटण. रात्री जेवणाआधी बाबा एक उतारा वाचायचे. आई मध्येच उठून कुकरखालचा गॅस बारीक करून यायची आणि त्यात कुणालाही पाप वाटायचं नाही.

लग्नाला अकरा वर्षं झाली. पुण्यात राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. नवरा आधी प्यायचा. रोज नाही, पण पगाराच्या आठवड्यात रात्री गाडी कुठे लावली ते सकाळी शोधत फिरायचं. साडेतीन वर्षांपूर्वी मित्राबरोबर एका नव्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेला आणि दारू सुटली. खरंच सुटली, एक थेंब नाही. त्याबद्दल मी देवाचे आभार रोज मानते, हे आधीच सांगते. नाहीतर तुम्ही विचाराल.

आता त्याचा आठवडा असा. मंगळवारी कॉटेज मीटिंग (कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा), बुधवारी बायबल स्टडी, शुक्रवारी उपास-प्रार्थना, शनिवारी तरुणांची सभा (हा बेचाळीसचा, पण तिथे 'लीडर'), रविवारी सकाळी साडेआठ ते दुपारी दोन. उरलेल्या दोन दिवशी सेकंड शिफ्ट. दशमांश, म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, हातात येणाऱ्या पगारावर नाही, कापाकापीच्या आधीच्या आकड्यावर देतो. जूनमध्ये शाळेची फी भरायची होती तर म्हणाला, देव पुरवील. देवाने पुरवलं, माझ्या आरडीतून.

आणि घरातली प्रार्थना. रात्री आम्ही चौघं हात धरून बसतो. तो डोळे मिटून म्हणतो, "प्रभू, या घरातल्या जिभेला तू लगाम घाल." घरात मोठ्या माणसांच्या जिभा दोनच. त्यातली एक प्रार्थना करतेय. डोळे मिटलेले असल्यामुळे उत्तर देता येत नाही, आणि शेवटी 'आमेन' मलाच म्हणायचं असतं.

आईला सांगितलं तर म्हणाली, "पीत नाही, मारत नाही, देवाचं करतो. आणखी काय पाहिजे?" मला आणखी काय पाहिजे ते मलाही नीट सांगता येत नाही. पण तो प्यायचा तेव्हा दुसऱ्या दिवशी निदान 'चुकलो' म्हणायचा. आता तो कधीच चुकत नाही.

देवधर्मात मुरलेल्या माणसाचा संसार जास्त सुखाचा असतो असं सगळे म्हणतात. तुमच्या घरांत काय दिसलं?

शंकेखोर:

"आता तो कधीच चुकत नाही." हे वाक्य फ्रेम करून लावावं असं आहे. बाकी धर्म कुठलाही घाला, गोष्ट तीच. आमच्याकडे पारायणं आणि पदयात्रा आहेत.

सुकेळी:

ताई, मी वसईची, कॅथलिक. तीस वर्षं झाली लग्नाला. माझ्या आय-बाबांची रोझरी एक दिवस चुकली नाही, आणि दोघं एकमेकांशी धड बोलल्याचंही मला आठवत नाही. आय बाबांना निरोप द्यायची तो आमच्यामार्फत. "बाबांना सांग, केळीला पाणी सोडलंय." बाबा चार हातांवर बसलेले असायचे. त्यामुळे एकत्र प्रार्थना करणारं घर एकत्र राहतं, ही म्हण आमच्या घरापुरती खरी. राहिलं एकत्र. पण कसं राहिलं ते कुणी विचारत नाही.

आमचं पहिल्या दहा वर्षांत तसंच चाललं होतं. मी क्वायरमध्ये, हे पॅरिश कौन्सिलवर, नोव्हेनाला (नऊ दिवसांच्या प्रार्थनेला) दोघं पहिल्या रांगेत. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर आदर्श कुटुंब. मग आमच्या फादरांनी धरून-बांधून मॅरेज एन्काउंटरला पाठवलं. ही चळवळ स्पेनमधली, गाब्रिएल काल्वो नावाच्या धर्मगुरूने १९६२ मध्ये बार्सिलोनात जोडप्यांसाठी पहिलं शिबिर घेतलं होतं. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार. मला वाटलं प्रवचनं असतील, विणकाम घेऊन गेले होते. हातात वही दिली. एक प्रश्न, दहा मिनिटं दोघांनी वेगवेगळं लिहायचं, मग वह्या बदलायच्या आणि दहा मिनिटं बोलायचं. नियम एकच, 'तू असा आहेस' असं लिहायचं नाही, 'मला असं वाटतं' एवढंच.

पहिला प्रश्न आला तेव्हा माझ्या नवऱ्याने लिहिलं, "मला बरं वाटतं." दहा मिनिटांत तीन शब्द. रविवारी दुपारपर्यंत दोन पानं गेली. त्यात होतं की माझ्या भावाने जमिनीच्या वाटणीत त्यांना सगळ्यांदेखत हिणवलं आणि मी तेव्हा गप्प बसले, ते त्यांच्या मनात सात वर्षं सलत होतं. सात वर्षं आम्ही शेजारी गुडघे टेकत होतो!

वही अजून आहे. रोज नाही लिहीत, खोटं कशाला सांगू. पावसाळ्यात जास्त लिहितो, शेतात काम कमी असतं.

वचननिष्ठ:

धागाकर्तीने इफिसकरांस पत्र, अध्याय ५, वचन २२ वाचावं. पत्नीने पतीच्या अधीन असावं असं वचनच आहे. नवऱ्याला दारूच्या खाईतून प्रभूने काढलं आणि तुम्ही इथे परक्यांसमोर त्याची निंदा करताय. देवाविरुद्ध कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांचं अरण्यात काय झालं तेही वाचा.

निवृत्त पाळक:

वचननिष्ठ बंधू, २२ वरून सुरुवात का केलीत? एक पायरी खाली उतरा. २१ मध्ये एकमेकांच्या अधीन असा असं म्हटलंय, दोघांना. आणि २५ मध्ये नवऱ्याला जे सांगितलंय ते बायकोला सांगितल्यापेक्षा पुष्कळ महाग आहे: ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती करा. चाळीस वर्षं पाळकी केली, बावीसावं वचन पाठ असलेले नवरे ढिगाने भेटले, पंचविसावं पाठ असलेले बोटांवर मोजावे इतके.

बाई, तुमच्यासाठी दोन उतारे देतो, भांडणात फेकायला नव्हे. पहिला, करिंथकरांस पहिलं पत्र, ७:५. पौल म्हणतो, नवरा-बायकोने एकमेकांपासून दूर राहू नये. प्रार्थनेसाठी राहायचंच तर दोघांच्या संमतीने आणि थोड्या काळापुरतं. बघा, कारण प्रार्थनेचं असलं तरी संमती लागते! पौल स्वतः बिनलग्नाचा, पण ही गोष्ट त्याला कळली होती.

दुसरा, मार्क ७. आईबापाला द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण केलं, असं सांगून हात वर करणाऱ्यांना येशूने काय सुनावलंय ते वाचा. तिथे आईबापाचा विषय आहे, मुलाच्या फीचा नाही, हे मान्य. पण घरच्यांचं देणं देवाच्या नावावर खपवायचं नाही, हा मुद्दा लागू होतो असं माझं मत. दशमांश देऊ नका असं मी म्हणत नाही. माझं सगळं आयुष्य लोकांच्या दशमांशावर गेलं. पण तो दोघांनी बसून ठरवायचा असतो.

कान देणारी:

मी नाशिकला समुपदेशन करते, ख्रिस्ती नाही. या विषयावर अमेरिकेत पुष्कळ संशोधन झालंय, त्यातलं थोडं सांगते. ते बहुतेक तिथल्या ख्रिस्ती जोडप्यांवरचं आहे, त्यामुळे जसंच्या तसं पिंपरी-चिंचवडला लावू नका.

एव्हरेट वर्दिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये धर्मनिष्ठा मोजायची एक प्रश्नावली काढली. दहा विधानं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. धर्माची पुस्तकं वाचता का, आपल्या संस्थेला पैसे देता का, समविश्वासू लोकांच्या सहवासात रमता का, तिथल्या कामात आनंद मिळतो का, एकांतात चिंतन करता का, श्रद्धेचा प्रभाव तुमच्या सगळ्या वागण्यावर आहे का, अशा धाटणीची. चांगली प्रश्नावली आहे, खूप वापरली जाते. पण दहापैकी एकाही विधानात नवरा किंवा बायको हा शब्द येत नाही. म्हणजे पन्नासपैकी पन्नास गुण घेणारा माणूस घरी कसा वागतो, ते त्या आकड्यात दिसणारच नाही.

दुसरीकडे संसारातलं समाधान मोजायला ग्रॅहम स्पॅनियर यांची १९७६ ची बत्तीस प्रश्नांची मोजपट्टी वापरतात. तिच्यात धर्माचा प्रश्न आहे, पण तो असा, की धर्माच्या बाबतीत तुमचं दोघांचं एकमत कितपत होतं. कोण किती धार्मिक, हे विचारलेलंच नाही.

आता निष्कर्ष. ॲलन बूथ आणि सहकाऱ्यांनी तीच माणसं १९८० पासून बारा वर्षं पुन्हा पुन्हा गाठली. धार्मिक सहभाग वाढला की घटस्फोटाचा विचार मनात येण्याचं प्रमाण जरासं उतरलं. पण संसारातला आनंद वाढला नाही आणि भांडणंही कमी झाली नाहीत. कॉल आणि हीटन यांचा १९९७ चा अभ्यास आहे. त्यात दोघंही नियमित चर्चला जाणारी जोडपी सगळ्यांत कमी मोडली. एक जातो, दुसरा जात नाही, किंवा दोघांच्या जाण्यात फार फरक, तिथे मोडण्याचा धोका वाढलेला दिसला.

थोडक्यात, टिकणं आणि सुखी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुकेळीताईंनी त्यांच्या आय-बाबांबद्दल लिहिलं तेच.

शंकेखोर:

म्हणजे चर्चला जाणारे कमी मोडतात याचं कारण चर्च, की ज्यांचं आधीच बरं चाललंय तेच रविवारी जोडीने नटून जातात? भांडलेली जोडपी घरीच बसत असतील.

कान देणारी:

रास्त शंका. बूथ यांना थोडाफार उलटा प्रवाहही दिसला होता, संसारात बरं चाललं की माणसं काही बाबतीत धर्माकडे अधिक वळतात. म्हणून काही लोकांनी प्रयोग करून पाहिले. फ्लोरिडातले फ्रँक फिंचम आणि सहकारी, २०१०. बहुतेक तरुण विद्यार्थी, प्रेमात पडलेले. काहींना चार आठवडे रोज जोडीदाराच्या भल्यासाठी प्रार्थना करायला सांगितली, बाकीच्यांना दुसरं काहीतरी काम दिलं. प्रार्थना करणाऱ्यांचं बाहेर पाऊल घसरण्याचं प्रमाण कमी निघालं. पण 'त्याच्या भल्यासाठी' हे शब्द महत्त्वाचे. "हिच्या जिभेला लगाम घाल" हा प्रकार त्यांनी तपासलेला नाही. 😄

आणि एक. समाजशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड विल्कॉक्स यांनी २००४ मध्ये अमेरिकन इव्हँजेलिकल (सनातनी प्रोटेस्टंट) नवऱ्यांबद्दल लिहिलं. नियमित चर्चला जाणारे नवरे बायकांशी अधिक मायेने वागणारे निघाले, तर नावापुरते त्याच पंथाचे, पण चर्चची पायरी क्वचित चढणारे, मारहाणीत सगळ्यांत पुढे. म्हणजे 'घरात पुरुषच प्रमुख' एवढं तोंडपाठ, आणि ते मवाळ करणारी बाकीची शिकवण गैरहजर.

धागाकर्तीला एक प्रश्न विचारू? संध्याकाळी सात ते दहा, या वेळात तो आधी काय करायचा?

चौथ्या बाकावरची:

@कान देणारी, त्या वेळात प्यायला बसायचा. कामावरून सुटला की सव्वासातपासून. हे मी असं जोडून कधी पाहिलंच नव्हतं.

@वचननिष्ठ, निंदा करायची असती तर त्याचं नाव लिहिलं असतं. अरण्यातली कुरकुर मला माहीत आहे. संडे स्कूलमध्ये तोच धडा मी शिकवते.

गोदाकाठ:

हा विषय निघाला आणि लक्ष्मीबाई टिळकांचं नाव अजून कुणी घेतलं नाही, आश्चर्य आहे.

मी ख्रिस्ती नाही, पण 'स्मृतिचित्रे' आमच्या घरात तीन पिढ्यांनी वाचलंय. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो बायकोला न सांगता. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन चारपाच वर्षं वेगळ्या राहिल्या. सोवळंओवळं पाळत, रडत, चिडत. मग नगरला आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मला नेहमी वाटतं, त्या नवऱ्याच्या धर्मात गेल्या असं म्हणणं अर्धवट आहे. जातपात माणसाने केलेली आहे हे त्यांना स्वतःला उमगलं, स्वतःच्या वेळेने, आणि मग त्या गेल्या. टिळकांनी ओढलं असतं तर बहुधा गेल्या नसत्या.

पण त्यानंतरही टिळकांची भक्ती त्यांना स्वस्त पडली का? छे. घरात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळं व्हायचं, घरी कुणालाही आणून ठेवायचं, हे चालूच. आणि १९१७ मध्ये पंचावन्नच्या पुढचा हा माणूस अमेरिकन मिशनची नोकरी सोडतो, संन्यास घेतो आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडतो. नोकरी गेली म्हणजे पगार गेला. १९१९ मध्ये टिळक गेले.

इतकं होऊन बाईंनी पुस्तकात त्यांची चेष्टा केलीय, राग काढलाय, आणि दर चार पानांनी प्रेम दिसतं. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य त्यांनी स्वतः ओव्या रचून पुरं केलं. आता हिला समाधानी संसार म्हणायचं की नाही? बत्तीस प्रश्नांची ती पट्टी लक्ष्मीबाईंच्या हातात दिली असती तर त्यांनी काय उत्तरं लिहिली असती, देव जाणे. बहुतेक समासात काहीतरी खोडसाळ लिहिलं असतं.

निवृत्त पाळक:

फार छान, गोदाकाठ. एक भर. टिळकांच्या घरात हसणं होतं. माझा अनुभव सांगतो. ज्या घरात बायको नवऱ्याच्या भक्तीची थट्टा करू शकते आणि नवरा ती ऐकून घेतो, त्या घराची मला काळजी वाटत नाही. पाळकाच्या घरात तर ती थट्टा हवीच. माझी पत्नी रविवारी दुपारी पानं वाढताना म्हणायची, "आज उपदेश चांगला होता, तुम्हीही ऐकायला हवा होता."

अर्धा नाताळ:

आमचं मिश्र लग्न. मी सदाशिव पेठेतला, बायको वांद्र्याची कॅथलिक. लग्न चर्चमध्ये, बिशपांची परवानगी काढून. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी जमेल तेवढं करीन, असं वचन तिने दिलं. मला फक्त ते कळवलं गेलं. फादर म्हणाले, १९७० च्या आधी माझ्यासारख्यालाही वचन द्यावं लागायचं.

रविवारी संध्याकाळी मी तिला मिस्साला सोडतो आणि समोरच्या टपरीवर चहा पितो. एक तास, दोन चहा, एक क्रीमरोल. चौदा वर्षं. वर दिलेल्या अभ्यासाप्रमाणे आम्ही धोक्याच्या गटात. पण आमच्यातला फरक पहिल्या दिवसापासून टेबलावर होता. कितीदा जाणार, मुलांचं काय, गणपतीला ती काय करणार, सगळं आधी भांडून झालेलं. ताईंचं तसं नाही. त्यांनी एका माणसाशी लग्न केलं आणि आठ वर्षांनी त्याच्याच कपड्यांत दुसरा घरी आला. तो चांगला असेल, पहिल्यापेक्षा कितीतरी बरा असेल, पण याच्याशी ओळख कुणी करून दिली?

रविवारचा स्वयंपाकी:

मी उलट्या बाजूचा. माझी बायको करिझमॅटिक प्रार्थनागटात. गुरुवार, रविवार आणि महिन्यातून एक रात्रभराचं जागरण. हँडल वाचून कळलं असेल माझं काय होतं. 🙂

पहिली दोन वर्षं मी फार कडवट होतो. प्रार्थनागटातली माणसं घरी आली की पेपर उघडून बसायचो. एकदा तिने विचारलं, "तू क्रिकेटला शनिवार-रविवार गेलास तेव्हा मी पेपर उघडला होता का?" उत्तर नव्हतं. बाईने देवासाठी दोन संध्याकाळी काढल्या की घर पडलं, आणि पुरुषाने मॅचसाठी काढल्या की तो छंद.

ताईंवर टीका नाही, त्यांच्याकडे आठवड्याचे पाच दिवस आणि फीचा प्रश्न आहे, ते जास्तच झालं. पण पुरुष देवभक्त झाला की 'बदलला हो माणूस' म्हणून कौतुक, आणि बाई झाली की 'घराकडे लक्ष नाही', हे आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत मी ऐकलंय. तेवढं नोंदवून ठेवतो. बाकी मटण आता मला तिच्यापेक्षा बरं जमतं.

काळा डगला:

थोडं अवांतर, पण कुणीतरी लिहायलाच हवं. ताईंचं प्रकरण तसलं नाही, देवकृपेने. मात्र हा धागा वाचणाऱ्यांत एखादी तशी असू शकते.

'ख्रिस्ती लग्नं टिकतात' याचं कौतुक करताना कायदाही बघा. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणं असं आणखी काही दाखवावं लागे. आणि नुसत्या मारहाणीवर तिला घटस्फोट मिळतच नसे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, प्रगती वर्गीस खटल्यात, बायकोवरची ही जोडअट घटनाबाह्य ठरवली. संसदेने कायदा सुधारला तो २००१ मध्ये, तेव्हा क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं आणि परस्पर संमतीची वाटही उघडली. तिच्यातही आधी दोन वर्षं वेगळं राहण्याची अट लिहिली, हिंदू विवाह कायद्यात ती एक वर्षाची आहे. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं कितीतरी बायकांचे संसार 'टिकले' ते दाराला बाहेरून कडी होती म्हणून.

कॅथलिकांसाठी आणखी एक. चर्चच्या न्यायासनाने लग्न रद्दबातल ठरवलं तरी सरकारदरबारी तुम्ही विवाहितच. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलंय. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर द्विभार्येचा गुन्हा लागू शकतो. दिवाणी न्यायालयाचा हुकूम वेगळा घ्यावा लागतो.

घरी हात उगारला जात असेल तर आधी सुरक्षित जागी जा. प्रार्थना तिथूनही पोचते.

सुकेळी:

काळा डगला, शेवटच्या ओळीसाठी धन्यवाद. आमच्या गावात एकीला सगळ्यांनी 'क्रूस उचल बाई' म्हणत बारा वर्षं परत पाठवलं. कोण ते लिहीत नाही. पाठवणाऱ्यांत मीही होते.

वचननिष्ठ:

मी अधिक कडक लिहिलं असेल तर माफी. माझ्या वडिलांची दारू प्रभूने सोडवली. आईने त्यासाठी सतरा वर्षं प्रार्थना केली. म्हणून हा विषय आला की मला राहवत नाही. वडील सुटले आणि तीन वर्षांनी आई गेली. त्या तीन वर्षांतही ते सभांनाच असायचे, हे आता लिहिताना आठवलं.

निवृत्त पाळक:

बंधू, वेळ मिळाला तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चौथ्या बाकावरची:

तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले.

आधी पाळककाकांची वचनं दाखवणार होते, मग वाटलं ते भांडणच होईल. त्याच्याकडे उलट दाखवायला दहा वचनं तयार असतात. म्हणून सुकेळीताईंची वही काढली. मुलाची जुनी, मागची पानं कोरी असलेली, पुढे सातचा पाढा. म्हटलं, एकच प्रश्न, दहा मिनिटं: संध्याकाळ झाली की तुला काय वाटतं? तो म्हणाला हे काय पोरखेळ. बसला मात्र. मी बरंच लिहिलं, फी, बुधवार, जीभ, सगळं. 'तू असा आहेस' टाळायचं होतं, दोनतीनदा राहिलंच.

त्याने चार ओळी लिहिल्या. सात वाजले की अजून हात शिवशिवतात. घरी बसलो की त्या खुर्चीकडे लक्ष जातं. तिथे माणसांत असलो की दहा वाजतात, मग धोका टळतो. तुला सांगितलं तर तुला वाटेल सुटलीच नाही.

साडेतीन वर्षं मी त्याला विजयी समजत होते. साक्ष देताना तो तसंच सांगतो, एका रात्रीत सुटली. मंडळीत टाळ्या पडतात. मला वाटायचं हा आमच्यापासून पळतो. पळत होता, पण खुर्चीपासून.

खुर्ची दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला दिली. चाळीस रुपये आले. दशमांश चार रुपये, असं मी म्हटलं तर हसला. फार दिवसांनी.

लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. दशमांशाचं ठरलं नाही. तो म्हणतो तो त्याचा देवाशी केलेला शब्द आहे, मी म्हणते फी हा आपण शाळेशी केलेला. यावर अजून आवाज चढतात. प्रार्थनेत जिभेचं वाक्य परवा पुन्हा आलं. मी डोळे उघडून बघितलं तर त्याचे उघडे होते, मग पुढचं वाक्य त्याने गिळलं. शनिवारची सभा सोडायला तयार नाही. बुधवार मात्र सोडलाय, सध्या महिनाभर. त्यांच्या पास्टरांना ते आवडलेलं नाही असं दिसतं, दोनदा फोन आला.

काल दुसरा बुधवार. सव्वासातला तो गॅलरीत गेला, आत आला, पुन्हा गेला. असं तीनदा. काय बोलावं मला सुचेना. मी पिठाचा डबा आणि चाळणी पुढे सरकवली, म्हटलं, चाळ. मुलगी येऊन मांडीवर बसली. आठ वाजेपर्यंत चाळत होता, एवढं पीठ लागणारही नव्हतं. अर्धं फरशीवर.